स्लॅबवर वजन नको

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती. मी पुढच्या खोलीत साड्यांचे धागे कापत बसले होते आणि मुलगी मागच्या खोलीत खाटेवर आडवी पडून नर्सिंगचं पुस्तक वाचत होती. तिचा फोन वाजला. तो माझ्याजवळ चार्जिंगला लावलेला होता, म्हणून ती उठून पुढे आली. तिने फोन कानाला लावला आणि आत धाडकन काहीतरी कोसळलं.

मी आत धावले. धुळीने काही दिसेना. धूळ बसल्यावर दिसलं ते असं, की छताचा एक तुकडा, चांगला वरवंट्याएवढा जाड, उशीवर पडला होता. पुस्तक त्याच्याखाली होतं. वर छताला ताटाएवढं भोक, आणि त्यात गंजून तांबडी झालेली एक सळई.

मुलगी फोन हातात धरून दारात उभी होती. पलीकडून मैत्रीण "हॅलो, हॅलो" करत होती.

ओट्यावर बसलेले सासरे आत आले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. तीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात काढली, कानांनी थोडं कमी ऐकू येतं, पण हा आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. त्यांनी वर एकदा पाहिलं, एकदाच. मग झाडू घेतला आणि माझ्या हातात न देता स्वतःच सगळं भरून बाहेर टाकलं.

"काही नही, पोपडा शे," ते म्हणाले. "जुनं प्लास्टर पडसच."

"नाना, ती तिथेच झोपली होती."

"उठनी ना पन?"

असं ते कधी बोलत नसत. नातीवर त्यांचा किती जीव! मला राग आला. मी पुस्तक उचलून त्यावरची धूळ झटकली.

गोडादऱ्यातलं, लूमच्या कामगारांच्या वस्तीतलं हे घर नानांनी बांधलं. बारा फूट रुंद, पस्तीस फूट खोल, तीन खोल्या एकामागे एक. ते धुळ्याकडून आले तेव्हा गल्लीत सगळी पत्र्याची घरं होती. आमच्या घरावर पहिला स्लॅब पडला. सासूबाई असेपर्यंत गावाकडून कुणी आलं की आधी पाणी द्यायच्या आणि मग मान वर करून स्लॅब दाखवायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

संध्याकाळी नवरा त्याच्या लूमच्या खात्यातून आला. त्याने बॅटरी लावून ते भोक पाहिलं, हात-पाय धुतले आणि म्हणाला, "वही काढ."

वही काढायला फार वेळ लागला नाही, कारण तीत लिहिण्यासारखं थोडंच होतं. बँकेत एक लाख दहा हजार. त्यातले पंचावन्न मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे, त्यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं. माझी साठ हजारांची भिशी जूनमध्ये लागायची होती. आधी उचलली तर सात हजार तोटा, म्हणजे हातात त्रेपन्न. दोन्ही मिळून एक लाख आठ हजार. पावसाला तीन महिने.

पहिला माणूस आला तो आमच्याच भागातला ठेकेदार, गुजराती, बोलायला गोड. त्याने वर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, खराब प्लास्टर काढू, सळयांना केमिकल मारू, नवीन प्लास्टर करू, आणि गच्चीवर विटांचे तुकडे नि सिमेंट यांचा चार इंची थर देऊ म्हणजे पाणी मुरणार नाही. सगळे मिळून अडतीस हजार.

"बेन, पांच वरस सुधी कंई नहीं थाय," त्याने मला सांगितलं.

दुसरा होता कडोदऱ्याला कारखान्यांच्या शेड बांधणारा मिस्त्री. माझ्या भावाच्या ओळखीचा, जळगावकडचा, कमी बोलणारा. तो छोटी हातोडी घेऊन आला. छतावर ठिकठिकाणी हळूच मारायचा आणि कान लावून ऐकायचा, डॉक्टरने छाती तपासावी तसा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वहिनी, मला दोन फूट उघडून पाहू द्या. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही."

नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "उघडानं नही."

"बाबा, उघडलं नाही तर समजणार कसं?"

"मी बांधेल शे. माले समजस."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, हातोडी पिशवीत टाकली आणि चहा न घेता गेला.

खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी अडतीस हजारांच्या बाजूची होते. वहीत तो आकडा मांडला की खाली सत्तर हजार उरत होते आणि ते पाहून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. रोज दुपारी मी वही उघडायची आणि तीच वजाबाकी पुन्हा करायची. नवऱ्याचंही तेच. आम्ही दोघांनी एकमेकांना पटवायची गरजच पडली नाही. न उघडता, न विचारता, कमी पैशांत काम होत होतं, आणि आम्हाला तेच हवं होतं.

पण झोप लागत नव्हती. मुलीला आणि आम्हा दोघांना मी पुढच्या खोलीत आणलं. तिथलं छत जरा बरं दिसत होतं. नानांची खाटही पुढे घ्यावी म्हणून नवऱ्याने एक बाजू उचलली, तर नानांनी दुसरी बाजू धरून ठेवली.

"मी आठेच झोपसू." आठेच, म्हणजे इथेच.

"नाना, वरून तुकडे पडताहेत!"

"पडनं तं मना अंगवर पडू दे."

नवऱ्याने खाट आपटली. "यांचं असंच," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "या स्लॅबसाठी माणूस मेला तरी चालेल यांना."

त्या बोलण्याला जुनी धार होती. दहा वर्षांपूर्वी नवऱ्याने वर एक खोली बांधायचं ठरवलं होतं. विटांचा भावही काढला होता. खाली आपण राहू, वरची खोली दोन कामगारांना भाड्याने देऊ, असा विचार. नानांनी साफ नाही म्हटलं. कारण विचारलं तर सांगेनात. वर पाण्याची मोठी टाकी बसवायची म्हटलं तरी नाही. संक्रांतीला पोरं पतंग उडवायला गच्चीवर चढली की खालून ओरडायचे, "उतरा, उतरा!" सगळ्या गल्लीची गच्ची माणसांनी भरलेली आणि आमची रिकामी. वरच्या खोलीवरून बाप-लेकाचं इतकं वाजलं की चार-पाच महिने ते एकमेकांशी बोलत नव्हते. पुढे बोलायला लागले, पण कामापुरतं. त्या भाड्यात आपलं किती भागलं असतं, हे नवरा दरवर्षी दिवाळीत एकदा तरी बोलून दाखवायचा, आणि नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तर आता त्याच स्लॅबखाली ते हट्टाने झोपत होते. सकाळी उठल्यावर मी आधी मागच्या खोलीत जाऊन त्यांची छाती हलते आहे का ते पाहायची, मग चूल पेटवायची. दोनदा त्यांच्या पांघरुणावर सिमेंटची भुकटी दिसली. मी झटकली.

ठेकेदाराला दहा हजार आगाऊ दिले; गच्चीवर थर पडणार हे नानांना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो पंधरा दिवसांनी उगवला, एका सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला. नवऱ्याने त्या दिवशी अर्धा खाडा धरला होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला. त्यात विटांचे तुकडे, रेती आणि सिमेंटच्या गोण्या होत्या. बाहेरच्या लोखंडी शिडीवरून दोन मजूर माल वर नेऊ लागले. मी चहा ठेवला होता. वर गच्चीवर गोणी टाकल्याचा धप्प असा आवाज आला आणि कपबशा हलल्या. पुन्हा धप्प. मागच्या खोलीतून मातीची बारीक धार खाली पडताना मला स्वयंपाकघरातून दिसली.

"अहो," मी हाक मारली, "जरा इकडे बघा."

नवरा आत येईपर्यंत नाना बाहेर गेले होते. मी त्यांना शिडीजवळ पाहिलं. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून खाली बसून जेवत नाही, तो शिडी चढत होता. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हाताने लोखंड धरलेलं.

"नाना! अहो नाना, पडाल!"

ते थांबले नाहीत. वर जाऊन ते गोण्यांच्या समोर उभे राहिले आणि शिडीचं तोंड अडवून दोन्ही हात पसरले. खालच्या मजुराच्या डोक्यावर गोणी होती, तो अर्ध्या शिडीवर अडकला.

"वर वजन टाकू नका रे! उतरा सगळे! खाली उतरा!"

ठेकेदार हसला. "काका, आ तो रोजनुं काम छे."

"उतरा म्हटलं ना!"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. नवरा शिडीखाली जाऊन ओरडला, "नाना, तमाशा नका करू! लोकांसमोर लाज काढता का माझी? आता काय झालं? हे कामही नको तुम्हाला?"

नानांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मग जे बोलले ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

"तेन्हामा लोखंड नही शे. निम्मं शे. निम्मं मी परत करी दिन्हं व्हतं."

ठेकेदाराचं हसू गेलं. त्याने हळूच हात केला आणि वरचा मजूर एक-एक पाऊल जपून टाकत शिडीकडे आला. नाना सगळ्यांत शेवटी उतरले. नवऱ्याने त्यांना हात दिला नाही. मी दिला.

ओट्यावर बसून, पाणी पिऊन, त्यांनी मला सांगितलं. मलाच, कारण नवरा पाठ करून उभा होता. स्लॅबचं लोखंड येऊन पडलं, चार दिवसांत स्लॅब टाकायचा, आणि सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं. पिशवीचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. हातात होतं नव्हतं ते घरात घातलेलं. नानांनी लोखंडवाल्याचे पाय धरले. त्याने निम्मा माल परत घेतला आणि पैसे दिले. सासूबाई वाचल्या. पण सेंट्रिंगच्या फळ्या नि टेकू लागलेले, त्यांचं भाडं रोज चढत होतं, पुन्हा लोखंड घ्यायला पैसा नव्हता. तेव्हाच्या मिस्त्रीला नानांनी सांगितलं, आहे तेवढ्यात टाक. सळया दूर-दूर टाकून स्लॅब झाला.

"आईला माहीत होतं?" नवऱ्याने न वळताच विचारलं.

"नही. तिले सांगतू तं ती एक दिवस झोपती नही तठे."

"आणि मला? मी वर खोली बांधत होतो तेव्हा? एक शब्द सांगता आला नाही?"

नाना तळहात चोळत होते. "तू म्हनता, बापनी चोरी कई. घरमा चोरी कई."

नवरा चप्पल घालून निघून गेला. अर्धा खाडा होता, पण तो थेट खात्यावरच गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याने फोन उचलला नाही.

मी कडोदऱ्याच्या मिस्त्रीला फोन केला. त्या दिवशी चहा न घेता गेलेला माणूस पुन्हा येईल की नाही, शंकाच होती. तो दुपारी आला. या वेळी त्याने कुणाला विचारलं नाही. खाटेवरचं छत दोन फूट उघडलं. आत बोटाएवढी हवी तिथे करंगळीहून बारीक उरलेली सळई, आणि तिच्या शेजारची थेट हातभर अंतरावर. त्याने टेप लावली, पुन्हा लावली, आणि खाली उतरून म्हणाला, "वहिनी, आजपासून या घरात कुणी झोपायचं नाही. चार इंचाचा थर वर पडला असता, तर मी तुम्हाला भेटायला आलो असतो, पण दुसऱ्या कामासाठी."

संध्याकाळपर्यंत त्याने प्रत्येक खोलीत लोखंडी टेकू लावले. घरात चालायला जागा उरली नाही. मी आणि मुलगी भेस्तानला माझ्या भावाकडे गेलो. नवरा खात्यातच झोपायला लागला. नाना मात्र हलले नाहीत, ओट्यावर खाट टाकून राहिले.

मिस्त्रीने दोन आकडे दिले. जुना स्लॅब काढून नवा टाकायचा तर तीन लाख वीस हजार. स्लॅब काढून भिंतींवर काँक्रीटचा पट्टा बांधून लोखंडी अँगल आणि पत्रे टाकायचे तर एक लाख बावन्न हजार. पहिला आकडा मी वहीत लिहिलाच नाही. दुसऱ्याखाली आमची बेरीज मांडली. ठेकेदाराने दहातले पाच परत केले, पाच टेम्पोभाड्याचे म्हणून ठेवले, म्हणजे आता एक लाख तीन हजार. जुन्या लोखंडाचे भंगारात अकरा हजार येतील असं मिस्त्री म्हणाला. तरी अडतीस हजार कमी पडत होते. तोच आकडा, अडतीस! मला हसू आलं आणि मग भावाच्या घरातल्या मोरीत जाऊन मी रडले.

मुलीने सरळ विचार केला. "मम्मी, फी के पैसे ले लो. एक साल ड्रॉप लेती हूँ, पार्लर में काम मिल जाएगा." हिंदीत बोलली, कारण गंभीर काही बोलायचं असलं की ती हिंदीतच बोलते. मी तिला नाही म्हणायला हवं होतं, पण लगेच म्हणाले नाही. दोन दिवस मी गप्प होते. ते दोन दिवस मला अजून बोचतात, कारण तिने माझा चेहरा वाचला असणार.

तिसऱ्या दिवशी मी टेकूंमधून वाट काढत घरातून भांडी न्यायला आले, तेव्हा नानांनी मला ओट्यावर बसवलं आणि बंडीच्या खिशातून बँकेचं पासबुक काढलं. एकतीस हजार होते.

"हे कशाचे?"

"मना कार्यना." म्हणजे ते गेल्यावर दहाव्याचे, तेराव्याचे. गावाकडे सगळ्या भाऊबंदांना पंगत द्यायची म्हणून ते वर्षानुवर्षं जमवत होते. मला हे ठाऊक नव्हतं. "पंगत नका बसाडा. च्या पाजी द्या सगळास्ले."

मी घेत नव्हते. त्यांनी पासबुक माझ्या भांड्यांच्या पिशवीत टाकलं आणि तोंड फिरवलं. सात हजार नवऱ्याने शेठकडून पगारावर उचलले. मुलीची फी तशीच राहिली.

स्लॅब काढायला सहा दिवस लागले. मिस्त्री कडेकडेने, हातभर तुकडा तोडायचा, खाली टेकू सरकवायचा, पुन्हा तोडायचा. एकदा मागच्या खोलीत एक मोठा भाग अपेक्षेआधी सुटला, टेकूवर आदळला, टेकू वाकला आणि सगळे बाहेर पळाले. कुणाला लागलं नाही. नवरा त्या वेळी हजर होता. तो वाकलेल्या टेकूकडे बघत राहिला. बरोबर तिथेच, त्या भागावर, त्याला वरची खोली बांधायची होती. भाडेकरू आणि त्यांचं बिऱ्हाड तिथे राहणार होतं, आणि खाली आमच्या लेकीची खाट. जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन डबे मागवले आणि एक ओट्यावर नानांच्या समोर नेऊन ठेवला.

पत्रे चढले तेव्हा एप्रिल संपत आला होता. आम्ही परत राहायला आलो. पत्र्याखाली दुपारी भाकरी शेकून निघेल असा उकाडा. पंखा गरम हवाच फेकायचा. गल्लीतली पहिली पक्की गच्ची आता पुन्हा पत्र्याचं घर झाली होती, आणि बाया तेही बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. वर मजला चढवायचं स्वप्न आता नाही. मुलगी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन अभ्यास करायची.

नाना अजून ओट्यावरच झोपत होते. आत बोलावलं तर म्हणायचे, आठे बरं शे. नवरा आणि ते अजून बोलत नव्हते. डबा ठेवला एवढंच.

मग एका रविवारी नवऱ्याने चुन्याची पिशवी आणली. पत्र्यावर चुना मारला की ऊन कमी लागतं, असं खात्यात कुणीतरी सांगितलं होतं. मी शिडीवर अर्ध्यात उभी राहून बादली देत होते, तो वर गुडघ्यांवर बसून कुंच्याने चुना ओढत होता. पहिला हात वाळला आणि त्याने बोट फिरवलं, तर सगळी पांढरी भुकटी बोटाला लागली. मग खाली ओट्याकडे वाकून म्हणाला, "नाना, हाऊ चुना धरस नही. काय टाकू?"

नानांनी मान वर केली. उन्हामुळे त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"खळ टाक थोडी," ते म्हणाले. "सुतले लावतस तशी. नहीतं पहिला पानीमा सगळा उतरी जाई."

"किती?"

"थांब, मी कालवी देस," म्हणत नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि मी रिकामी बादली घेऊन शिडी उतरले.